ताणून ठेवलेला क्रॉसबो

फेल्डहोवन, १९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. पाठवणाऱ्याचं नाव बघून तुम्ही हा मेल न वाचता पुसून टाकणार नाही, अशा आशेवर लिहितेय. तुमचं आणि सौमित्रचं बोलणं बंद आहे, तो तुम्हा भावांचा प्रश्न. बाबा गेले तेव्हा विमानं खरंच बंद होती की सौमित्रने यायचं टाळलं, हा वाद मला पुन्हा काढायचा नाही. मी लिहितेय हे त्याला माहीत नाही. आमच्या घरात फोनवर बोललेलं वरखाली सगळीकडे ऐकू जातं, म्हणून दवाखान्यातून लिहितेय. मी इथे एका डच दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला असते. आत्ता जेवणाची सुट्टी आहे.

दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलो होतो तेव्हा घरात चोरी झाली. मागच्या दाराचं कुलूप काढून आले. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक झालंय, आमच्या वस्तीत आधीही असं झालेलं आहे. काय गेलं ते सोडा. पण त्यांनी आमच्या हिमानीची गादी उचलून भिंतीला उभी करून ठेवली होती, आणि देवघरातले देव काढून खाली जमिनीवर एका ओळीत नीट मांडले होते. हे नीट मांडणं सौमित्रच्या डोक्यातून जात नाहीये. “घाई नव्हती त्यांना,” असं तो सारखं म्हणतो. “आपण कधी परत येणार ते त्यांना माहीत होतं.”

पोलीस येऊन फोटो काढून गेले. सौमित्रने कॅमेरे लावले, बागेत हालचाल झाली की पेटणारे दिवे लावले. मांजर गेलं तरी पेटतात. मग गेल्या आठवड्यात एक लांबडं खोकं आलं. त्यात क्रॉसबो निघाला. रानडुकराच्या शिकारीसाठी असतो तसला. बंदुकीसारखा दस्ता, खाली ट्रिगर, पुढे आडवं धनुष्य. इथे त्याने शिकार करायला बंदी आहे, रस्त्यावर घेऊन हिंडायलाही बंदी आहे. घरात ठेवायला मात्र अठरा वर्षं पूर्ण असली की झालं.

तो ताणायचा म्हणजे पुढच्या लोखंडी कडीत पाय रोवायचा आणि दोन मुठींची एक दोरी असते, तिने दोन्ही हातांनी वर ओढायचं. माझ्याने तो निम्मासुद्धा ताणला गेला नाही. सौमित्रने परवा मागच्या शेडमध्ये गवताच्या पेंढीवर एक बाण सोडून बघितला. पेंढीतून आरपार जाऊन तो मागच्या फळीत रुतला. पकडीने उपटून काढावा लागला. सौमित्र आत आला तेव्हा हसत होता. चोरी झाल्यापासून पहिल्यांदाच हसत होता, म्हणून मी काही बोलले नाही.

मी घाबरलेली नाही. फक्त तुम्ही एकदा त्याला फोन केलात तर बरं होईल असं वाटलं. तुमचं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय आहे. वहिनींना नमस्कार सांगा.

आपली,
अपूर्वा


फेल्डहोवन, २ डिसेंबर

दादा,

तुमचं उत्तर मिळालं. उत्तर द्याल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे चार ओळीही खूप झाल्या. तुम्ही लिहिलंत, सौम्या कधी कशाला घाबरला नाही, मिरजेच्या घरामागे साप निघाला की तोच काठी घेऊन पुढे व्हायचा, तेव्हा काळजी करू नको. ते वाचून मला धीर यायला हवा होता. मी ते तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, मग या माणसाला झालंय तरी काय?

तो आता क्रॉसबो ताणून ठेवतो. बाण लावून. रात्री पलंगाशेजारी, त्याच्या बाजूला, आणि सकाळी खाली आणून चपलांच्या कपाटावर, मागच्या दाराकडे तोंड करून. ताणायला वेळ लागतो आणि चोर तेवढा वेळ देत नाही, असं त्याचं म्हणणं. आठवड्यातले बरेच दिवस तो घरूनच काम करतो. मी कामावरून आले की पुढच्या दाराची बेल वाजवते. माझ्याकडे किल्ली आहे, तरी वाजवते.

परवा तो आंघोळीला गेला तेव्हा मी वाकून नीट पाहिलं. हात लावला नाही. दोरी मधोमध पिंजारली होती, लोकरीचा धागा उसवावा तशी. आणि धनुष्याच्या डाव्या पात्यावर, जिथे ते दस्त्याला जोडलंय तिथे, एक पांढरी रेघ होती. तो खाली आल्यावर मी म्हटलं,

“ही दोरी बघ. बारीक बारीक तंतू सुटलेत.”

“मेण लावायला हवं. लावतो.”

“आणि हे काय आहे? तडा गेल्यासारखं दिसतंय.”

त्याने अंगठा फिरवून पाहिला. “रंग गेलाय तिथला.”

दादा, हा माणूस कंपनीत केसापेक्षा बारीक फट शोधतो. तेच त्याचं काम आहे. आणि अंगठा फिरवून म्हणतो रंग गेलाय.

“मग निदान दिवसा तरी उतरवून ठेव ना,” मी म्हटलं.

“तो उतरत नाही अपू. एकदा ताणला की सोडावाच लागतो.”

सोबत आलेल्या पुस्तिकेत मी नंतर पाहिलं. त्यात ठळक लिहिलंय की काही तासांपेक्षा जास्त वेळ ताणून ठेवू नका, पाती कमजोर होतात, फुटू शकतात. मी ते पान उघडं करून त्याच्या लॅपटॉपवर ठेवलं. त्याने पुस्तिका मिटून खणात टाकली. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

हिमानी चौदाची झाली. तुम्ही पाहिलंत तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. मराठी सगळं समजतं, पण उत्तरं इंग्रजीत देते, नाहीतर डचमध्ये. हॉकी खेळते. सायकल शेडमध्ये लावायची असते, म्हणून ती नेहमी मागच्या फाटकातून येते आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरते. इथे आता साडेचारलाच अंधार पडतो. निघाली की तिने मेसेज करायचा आणि मी सौमित्रला सांगायचं, असं मी ठरवून टाकलंय. ती म्हणाली, बाबा विचित्र वागतोय. मी म्हटलं, बाबा दमलाय.

मागच्या पत्रात मी घाबरलेली नाही असं लिहिलं होतं. ते तसं नाहीये. तुम्ही त्याला फोन करा.

आपली,
अपूर्वा


फेल्डहोवन, ११ डिसेंबर

दादा,

आम्ही सगळे ठीक आहोत. ते आधी सांगते.

सोमवारी संध्याकाळी क्रॉसबो फुटला. सौमित्र तो कपाटावरून उचलून दुसरीकडे ठेवत होता, तेव्हा आपोआप सुटला. डावं पातं त्या पांढऱ्या रेघेपाशीच मोडलं, दोरी तुटली. दोरीने त्याचा डावा अंगठा जवळजवळ सोलला. पात्याची एक ढलपी डोळ्याखाली घुसली. डोळा वाचला.

हिमानी तेव्हा नुकतीच आत आली होती. पाऊस फार झाला म्हणून प्रॅक्टिस अर्ध्यात सोडली होती आणि तिचा फोन बंद पडला होता, त्यामुळे मेसेज आलाच नाही. बाण वाकडा गेला. फ्रिजच्या दारात अडकला. हिमानी दारात उभी होती, फ्रिजच्या शेजारी. तिला काही लागलं नाही. खरंच काही लागलं नाही, मी तिला दिव्याखाली उभं करून डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. ती रडली नाही. तिने पाठीवरची हॉकी स्टिक काढून कोपऱ्यात ठेवली, बूट काढले, आणि वर निघून गेली.

मी जिन्यात होते. आवाज सुकं लाकूड मोडल्यासारखा आला. त्याआधी काही ऐकू आलं नाही.

हॉस्पिटलमध्ये त्याला धड बोलता येत नव्हतं आणि डचही येत नाही, म्हणून सगळं मीच सांगितलं. डॉक्टर तरुण होती. तिने अंगठा शिवता शिवता विचारलं, “घरात मुलं आहेत का?”

“एक मुलगी.”

“हे झालं तेव्हा ती कुठे होती?”

“मैत्रिणीकडे,” मी म्हटलं. “हे शेडमध्ये सराव करताना झालं.”

सौमित्र माझ्याकडे बघत होता. त्याला मैत्रिणीसाठीचा डच शब्द कळतो. मग त्याने नजर शिवणाऱ्या सुईकडे वळवली. इथे मुलांना घरात धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर त्यांना पुढे कळवावं लागतं, मग माणसं घरी येतात, प्रश्न विचारतात. दवाखान्यात काम करते म्हणून मला ठाऊक आहे. ती माणसं वाईट नसतात. पण मला तेव्हा एवढंच दिसत होतं की कोणीतरी हिमानीचा हात धरून तिला गाडीत बसवतंय.

मोडलेला क्रॉसबो शेडमध्ये आहे. फ्रिजच्या दाराला भोक आहे. त्यावर मी शाळेचं वेळापत्रक लावलंय.

अपूर्वा


फेल्डहोवन, १७ डिसेंबर

दादा,

काल दवाखान्यातून लवकर सुटले. पुढच्या दाराने आले, बेल न वाजवता, कारण आता बेल वाजवायचं काही कारण उरलेलं नाही. सौमित्र बैठकीच्या खोलीत होता. ज्या दुकानातून क्रॉसबो मागवला त्यांच्याशी फोनवर इंग्रजीत बोलत होता. हाताला बँडेज आहे, म्हणून फोन टेबलावर, स्पीकर लावलेला. मी कोट काढत होते.

पलीकडचा माणूस सगळं रीतसर विचारत होता. क्रॉसबो कधी घेतला, किती वेळा वापरला. मग त्याने विचारलं, “सर, तो आपोआप सुटला की तुम्ही ट्रिगर दाबलात?”

“मी ट्रिगर दाबला,” सौमित्र म्हणाला.

“निशाणा किती अंतरावर होता?”

पलीकडच्याने हॅलो हॅलो केलं.

“चार मीटर,” तो म्हणाला.

आमचं स्वयंपाकघर तेवढंच आहे. चपलांच्या कपाटापासून मागच्या दारापर्यंत.

मला हे माहीत नव्हतं का? मला जिन्यातून त्याची पाठ दिसत होती. दस्ता त्याच्या खांद्याला लावलेला होता. एखादी वस्तू इथून तिथे ठेवताना कोणी ती खांद्याला लावत नाही. हे मी तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं नाही. मी मलासुद्धा ते सांगितलं नव्हतं. पात्याला तडा गेला नसता तर आज मी तुम्हाला कुठलं पत्र लिहीत असते, हा विचार आला की मी दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते आणि उभी राहते.

आणि अजून एक. तो दुकानवाला म्हणाला, बहुधा जास्त वेळ ताणून ठेवल्यामुळे पातं फुटलं असणार, हे वॉरंटीत बसत नाही, पण तुम्हाला दुखापत झाली म्हणून आम्ही नवीन पाती आणि दोरी पाठवू शकतो. सौमित्र म्हणाला, “पाठवा.”

असं म्हणाला, दादा. लगेच. तो दिवसभर शेडमध्ये त्या तुकड्यांचे फोटो काढतो, भिंगातून बघतो, तडा कुठून सुरू झाला ते मोजतो. जेवताना मला समजावून सांगतो की थर कसे सुटत गेले. पातं का फुटलं यावर तो तासभर बोलू शकतो. त्यापलीकडचं एक अक्षर बोलत नाही. हिमानी त्याच्या समोर बसत नाही. शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे जाते आणि तिथेच जेवून येते.

मला आता चोरांची भीती राहिलेली नाही. ते आले तर येऊ देत, उरलं असेल ते घेऊन जाऊ देत. मला मागच्या बागेतला दिवा पेटला की भीती वाटते. तो पेटला की सौमित्र ज्या पद्धतीने मान वर करतो, त्याची वाटते. पार्सल गुरुवारी येणार आहे. पोलिसांना सांगू? सांगितलं तर त्याचं काय होईल, हिमानीचं काय होईल? माझ्या आईला हे सांगितलं तर ती हाय खाईल. मला दुसरं कोणी नाही म्हणून तुम्हाला विचारतेय. मी काय करू?

अपूर्वा


फेल्डहोवन, २३ डिसेंबर

दादा,

तुम्ही दवाखान्यात फोन केलात तेव्हा माझ्यासमोर दोन पेशंट बसले होते, म्हणून मी नुसतं हो हो करत होते. तुम्हाला ते तुटक वाटलं असेल. पण तुम्ही सांगितलंत तसंच करायला गेले. पार्सल घेऊ नको, आणि तुला कळलंय हे त्याला सांग. पहिलं जमलं. दुसरं माझ्याने झालं नाही. ते कसं झालं ते लिहिते.

गुरुवारी मी सुट्टी घेतली. पार्सलवाला आला तेव्हा त्याला दारातच सांगितलं की आम्हाला नको, परत न्या. त्याने खांदे उडवले आणि गेला. संध्याकाळी सौमित्र वरून खाली आला. हिमानी सोफ्यावर होती. त्या दिवशी तिच्या मैत्रिणीकडे पाहुणे होते, नाहीतर ती घरात नसती.

“पार्सल आज पोचणार असा मेसेज आला होता. कुठेय?”

“परत पाठवलं.”

“का?”

मी सोफ्यावरची शाल उचलून घडी घालायला लागले. तेवढ्यात हिमानी बोलली. फोनमधून मान वर न करता, डचमध्ये, अगदी हळू. सौमित्रला कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी नेहमीसारखं मराठीत सांगावं म्हणून. शाळेत, नगरपालिकेत, हॉस्पिटलमध्ये, सगळीकडे मीच सांगते. हॉस्पिटलमध्ये मी काय सांगितलं ते तुम्हाला लिहिलंच आहे. हिमानीनेही आता माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, मी खरं सांगते की नाही.

मी सांगितलं. “ती म्हणतेय, कारण बाबाने माझ्यावर बाण सोडला.”

सौमित्र खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, “तुझ्या पाठीला ती स्टिक होती. अंधार होता. मला वाटलं...”

“तुला काय वाटलं ते मला माहितीय,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी तुला बघितलं. तू डोळा मिटून नेम धरला होतास.” आणि मग, दादा, ती मराठीत बोलली. तिच्या तोंडून पूर्ण मराठी वाक्य मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. “मला हाक का नाही मारलीस?”

तो मागचं दार उघडून पायात काही न घालता बाहेर गेला. बागेतला दिवा पेटला, शेडचं दार वाजलं. मी हिमानीला म्हटलं, वर जा आणि कडी लाव. ती गेली. मला वाटत होतं त्याच्या मागे जाऊ नये आणि वाटत होतं, नाही गेले तर काय बघावं लागेल. तुम्ही म्हणाल तेवढी देवाची नावं मी त्या दहा पावलांत घेतली असतील.

तो खाली फरशीवर बसला होता. मोडलेले सगळे तुकडे, बाण, ती मुठींची दोरी, भिंग, सगळं त्या लांबड्या खोक्यात भरत होता. मला बघून म्हणाला, “जरा टेप लाव. एका हाताने जमत नाही.”

मी टेप लावली. तो खोक्याच्या कडा दाबून धरत होता. अंगठ्यातून पुन्हा रक्त येऊन बँडेज भिजलं होतं. मधेच म्हणाला, “मी हाक मारणार होतो अपू. तोंडात आलंही होतं, कोण आहे म्हणून. पण मग वाटलं, हाक मारली तर त्याला कळेल मी कुठे उभा आहे ते.” मग त्याने खोक्याची दुसरी कड दाबून धरली. “पातं मोडलं तेव्हा मला राग आला. तेव्हा ती समोर आहे हे मला दिसलं होतं, तरी पहिल्यांदा राग आला, की मोडलं कसं. हे मी कोणाला सांगू?”

मी म्हटलं, “मला सांगितलंस.”

“आता पोलिसांना फोन लाव,” तो म्हणाला. “बोलतो मी. इंग्रजीत बोलतो.”

आमच्या भागातली पोलीस दुसऱ्या दिवशी दुपारी आली. उंच बाई आहे, सायकलवरून येते. चोरीच्या वेळीही तीच आली होती. तिने खोकं ताब्यात घेतलं, फ्रिजवरचं वेळापत्रक बाजूला करून भोक पाहिलं. सौमित्रने सगळं सांगितलं. डोळा मिटून नेम धरल्याचंसुद्धा. मीही हॉस्पिटलमध्ये खोटं बोलल्याचं सांगितलं. ती सगळं लिहून घेत होती. शेवटी म्हणाली की हे तिला पुढे कळवावंच लागेल. जानेवारीत एक बाई घरी येईल, हिमानीशी एकटीशी बोलेल, आमच्याशी वेगळं बोलेल. पोलिसांकडून काय होईल ते ती आत्ता सांगू शकत नाही. सौमित्रला तिने विचारलं, तुला झोप लागते का? तो नाही म्हणाला. तिने त्याला फॅमिली डॉक्टरकडे जायला सांगितलं, आणि तो आज सकाळी जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

म्हणजे सगळं मिटलेलं नाही. जानेवारीत ती बाई आली की हिमानी तिला काय सांगेल, ते मला माहीत नाही. खरं तेच सांग, एवढंच मी तिला म्हटलंय.

तुम्ही सौमित्रला फोन करणार म्हणालात. करा. तो उचलेल की नाही सांगता येत नाही, पण नाही उचलला तर पुन्हा करा. बाबांचा विषय आत्ता नको.

हिमानी पुन्हा घरी जेवायला लागली आहे. संध्याकाळी मागच्या फाटकाशी आली की सायकलवरून उतरायच्या आधीच मोठ्याने ओरडते, “मी आहे.” तिला असं करायला आम्ही कोणी सांगितलेलं नाही. शेजाऱ्यांना काय वाटत असेल कोण जाणे. सौमित्र वरच्या खोलीत कामात असला तरी तेवढ्यासाठी खाली येतो. स्वयंपाकघरातला दिवा लावतो आणि दारापासून लांब, भिंतीला टेकून, तिला त्याचे दोन्ही हात दिसतील असा उभा राहतो. ती दार उघडते, त्याच्याकडे बघते, आणि मगच आत पाऊल टाकते. तोपर्यंत मी गॅस बारीक करून हातातलं काम थांबवते.

आपली,
अपूर्वा